पूनमसिंगला आग की माती

माणूस मेल्यावर त्याला आग द्यायची की माती, हा प्रश्न आमच्या तांड्यात कुणाला पडत नाही. लग्न झालेल्याला आग, बिनलग्नाच्याला माती. मग ते पाळण्यातलं पोर असो की दात पडलेला म्हातारा, हळद लागलेली नसेल तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. नियम इतका सरळ आहे की तांड्याचा मुख्य जो नायक, त्यालासुद्धा त्यासाठी कधी डोकं खाजवावं लागलेलं नाही. पूनमसिंगकाका गेला त्या दिवशी मात्र सगळ्या तांड्यानं डोकं खाजवलं, आणि खाजवता खाजवता आमच्या घरातली झाकलेली गोष्ट उघडी पडली.

पूनमसिंग माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आमचा तांडा घाटंजीपासून दोन-अडीच कोसांवर, कापसाच्या वावरांमध्ये. आमचे पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. पुढे तांडा एका जागी बसला, शेती करू लागला, तरी लादण्याची अक्कल अंगातून गेली नव्हती. मोठी लढाई लागली तेव्हा माझा बाप खेमसिंग आणि काका दोघं यवतमाळला जाऊन फौजेत भरती झाले. साहेबानं त्यांची बंजारा जात ऐकली आणि दोघांना सरळ खच्चर कंपनीत पाठवलं. काका सांगायचा, “बंदूक नावाले देल्ली होती. खरी चाकरी खच्चरांची.”

बर्मातून फौज मागे हटली त्या धांदलीत माझा बाप हरवला. सरकारनं कळवलं, बेपत्ता. मी तेव्हा जेमतेम चालायला लागले होते आणि माझा भाऊ धरमसिंग पाळण्यात होता. लढाई संपल्यावर काका एकटाच परत आला. माझ्या आईनं, गंगीनं, त्याला दारात पाणी दिलं. आम्ही आईला याडी म्हणतो. मग दोघं विहिरीपाशी बराच वेळ बोलत उभे राहिले. तिथून आला तसा काकानं अंगातला फौजी कोट काढून खुंटीला लावला आणि बैल कुठे बांधता म्हणून विचारलं. त्या दिवसापासून आमच्या घराला गडी माणूस मिळाला.

याडीनं घुगरी उतरवली नाही. आमच्याकडे बाईच्या कानाजवळ केसांत चांदीची घुगरी गुंफलेली असते. नवरा असल्याची ती खूण. नवरा गेला की ती निघते. पण बेपत्ता माणूस मेलेला थोडाच असतो! याडी म्हणायची, “येईन तो.” तांडाही म्हणायचा, येईल तेव्हा येईल.

इथे ओढणीची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात नवरा मेला की दीर पंचांसमोर भावजयीच्या अंगावर नवी ओढणी टाकतो आणि ती त्याची बायको होते. हळद नाही, फेरे नाहीत, तरी ते लग्नच धरतात. दीर जवळ नसेल तर चुलत दीर टाकतो. बाईला कुणी विचारत नाही. विचारायचं असतं, हे तरी कुणाला माहीत होतं! याडी विधवाच ठरली नव्हती, म्हणून काकानं ओढणी टाकायचा प्रश्न आला नाही. ती खेमसिंगची बायको राहिली आणि तो तिचा दीर राहिला.

काकानं आमच्या घरात छपराखाली एक रात्र काढली नाही. बैलांच्या गोठ्यात बाज टाकली आणि तिथेच झोपला. पावसाळ्यात गळायला लागलं की बाज सरकवायचा, पण आत यायचा नाही. जेवायचासुद्धा उंबऱ्याबाहेर बसून. तांड्यातल्या बायकांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. नायकाची बायको चंदाबाई तर तो आमच्या दारात पाणी प्यायला किती वेळ थांबला, यावर डोळा ठेवून असे.

पण या माणसानं आमच्यासाठी काय केलं नाही! याडी उजाडायच्या आत वावरात जायची, माझ्या केसांच्या जटा व्हायच्या. मग हा मला दोन गुडघ्यांत धरून, खच्चराची आयाळ विंचरावी तसे माझे केस ओढायचा. मी बोंबलले की म्हणायचा, “खच्चर बी इतकं नाई बोंबलत.” धरमसिंगला ताप आला की पाठीवर बांधून घाटंजीच्या दवाखान्यात न्यायचा. गाठ अशी मारायचा की पोर झोपलं तरी मान कलंडत नसे. भाकरी त्याला थापता येत नव्हती. फौजेत शिकलेली जाडजूड रोटी करायचा आणि ती आम्ही तोंड वाकडं करून खायचो. बैलांना फौजी हिंदीत हुकूम सोडायचा. बैल ढिम्म उभे राहिले की चिडायचं सोडून स्वतःच हसत बसायचा.

त्याला मुली सांगून आल्या. भावसिंग नायकानं तर स्वतःच्या भाचीचं स्थळ आणलं होतं. काका म्हणाला, “घरात नवी बाई आली का ह्या पोट्ट्यांची भाकर मोजली जाईन.” नायकाला ते लागलं. पुढे कितीतरी दिवस तो काकाशी तुटक बोलत होता.

छप्पन साली माझं लग्न झालं. त्याच साली आमचा जिल्हा नागपूरच्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेला. मला, म्हणजे जमनीला, हसवायला काका म्हणाला, “जिल्हा बी सासरी चालला, जमनी बी सासरी चालली. दोघी बी रडूनच राह्यल्या.” आमच्यात नवरी एकेका नातेवाइकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते. बापाची पाळी आली तेव्हा काकानं पाट मांडला, तो रिकामा ठेवला आणि स्वतः त्या पाटाच्या मागे, परेडीत उभं राहावं तसा, हात सरळ सोडून उभा राहिला. मी पाटापाशी रडले. मग उठून त्याच्याही गळ्यात पडले. त्यानं नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला.

चीननं हल्ला केला त्या साली तो पुन्हा यवतमाळला भरतीला गेला होता. जुने बूट तेल लावून मऊ केले, कोट घातला आणि निघाला. साहेबानं बघितलं आणि सांगितलं, बाबा, तुमचं वय झालं, घरी जा, पोरंबाळं सांभाळा. परत आल्यावर त्यानं कोट पुन्हा खुंटीला लावला. मग धरमसिंगला म्हणाला, “साहेबाले काय मालूम? पोट्टे संभाळूनच तं वय झालं.”

त्यानंतरच्या पौषात एका सकाळी तो बैल सोडायला वाकला आणि छाती धरून खाली बसला. धरमसिंग धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माझं सासर यवतमाळच्या रस्त्यावरच्या तांड्यात. सायकलवरून माणूस निरोप घेऊन आला आणि मी होते तशी निघाले. पोहोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दारासमोर बाजेवर काकाला ठेवलं होतं. अंघोळ घालून, फौजी कोट चढवून. बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. आमचं रडणंही सुरात असतं, मेलेल्याला नात्यानं हाक मारून रडायचं असतं. मी “काका रे” म्हणून याडीच्या गळ्यात पडले. माझं रडून झालं, तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. भोवतीच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. सतरा-अठरा वर्षं ज्याचं रांधलं, त्याच्यासाठी बाई रडत नाही म्हणजे काय?

“याडी, रडून घे,” मी म्हटलं.

“रडीन,” ती म्हणाली. “आधी त्याले आग लागू दे.”

तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळला नाही. मग पळसाच्या झाडांकडून फावड्यांचा आवाज आला. तांड्यातली पोरं काकासाठी खड्डा खणत होती.

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. नायकाच्या दारासमोर निंबाखाली पुरुष बसले होते. तिथे बाया जात नाहीत, मी गेले.

“नायक, तो खड्डा कोनाचा?”

भावसिंग नायक म्हातारा झाला होता. त्यानं मान वर केली. “पूनमसिंगचा. रीत हाये पोरी. लगीन कुठी झालतं त्याचं?”

“दोन लेकरं वाढवली त्यानं. त्याले लेकरावानी पुरता?”

नायकाच्या आधी देवसिंग बोलला. देवसिंग माझ्या बापाचा चुलतभाऊ आणि तांड्याचा कारभारी. “वाढवली असन. पण लगीन केलं नाई नं? का केलतं? तसं काई असन तं तुह्या याडीले इचारून ये. पंचांले बी मालूम पडू दे.”

दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. एकजण मिशीत हसला. देवसिंगचा डाव मला दिसत होता. लग्नासारखं काही होतं म्हटलं तर याडीची तांडाभर अब्रू जाणार, आणि नव्हतं म्हटलं तर काका खड्ड्यात जाणार.  रागानं डोळ्यांत पाणी आलं, याचा आणखी राग आला.

नायक वाईट माणूस नव्हता. काकावरचा त्याचा रागही कधीच निवला होता. त्यानं वाट काढली. “नाल्याकाठी रुईचं झाड हाये. बाकीच्या जातीत करतात तसं पूनमसिंगचं रुईसंगं लगीन लावू. मंग आग देता येते.”

सगळ्यांना ते पटलं. मलाही वाटलं, सुटलो. धरमसिंगला रुईची फांदी आणायला नाल्यावर पाठवलं.

तेवढ्यात घाटंजीहून जलालचाचा आला. जलालचाचा बाजारात बैलांना नाल ठोकायचा. लढाईत तो काकाच्याच खच्चर कंपनीत नालबंद होता. पायांत शक्ती नव्हती तरी सायकल हाणत आला होता. बाजेपाशी बसला, काकाच्या कोटाचं उघडं राहिलेलं बटण त्यानं लावलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. उठला तर समोर पोरं फावडी घेऊन उभी. त्यानं विचारलं, त्यांनी खड्ड्याचं सांगितलं; रुईचं त्यांना अजून कळलंच नव्हतं. तो तसाच निंबाखाली आला. आपसात आम्ही गोरबोली, आमची बंजारा भाषा, बोलतो आणि इथे मी ती वऱ्हाडीत सांगते आहे; पण तो समोर होता म्हणून पुढचं सगळं भांडण बाजारातल्या वऱ्हाडीतच झालं.

“नायकसाहेब, हे काय करून राह्यले तुमी?” त्याचा आवाज फाटला होता. “मोठा भाऊ बिनाआगीचा गेला. आता हा बी?”

नायकानं हातातली चिलीम खाली ठेवली. “कोन मोठा भाऊ? खेमसिंग बेपत्ता हाये.”

जलालचाचानं तोंडावर हात ठेवला. नको ते बोलून गेल्याचं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं वळून आमच्या दाराकडे पाहिलं. याडी बाजेच्या पायाशी बसली होती, तिला सगळं ऐकू आलं होतं. तिनं जागेवरूनच मान हलवली. “सांगा, जलालभाई. आता कायले झाकता?”

मग त्यानं उभ्या उभ्याच सांगितलं.

“आमी पहाडातून पायी येत होतो. खायाले नाई, प्याले गढूळ पाणी. खेमसिंगले हगवण लागली. पूनमनं खच्चरावरचा बोजा टाकून देल्ला, त्याच्यावर भावाले बांधलं. तरी वाटेतच गेला तो. पूनमनं लाकडं जमवली. पण वर इमानं घिरट्या मारून राह्यली होती. धूर दिसला असता तं सारी कंपनी खलास. हवालदारानं त्याच्या हातातली माचीस हिसकून घेतली. मंग आमी दोघानं हातानं माती उकरली. मातीवर डोकं आपटून रडला हो तो. म्हणे, माह्या भावाचं लगीन झालं हाये, दोन लेकरं हायेत, अन् मी त्याले पोट्ट्यावानी पुरून राह्यलो.”

 माझा बाप मेला होता, आणि मला हे परक्याच्या तोंडून, भर पंचायतीत कळत होतं. मी खाली बसले.

“मंग बेपत्ता काहून लिवलं?” नायकानं विचारलं.

“पूनमनंच साहेबाले सांगतलं का भाऊ जंगलात मागं राह्यला म्हणून. हवालदाराच्या पाया पडला, मलेबी कसम घातली. म्हणे, मेल्याची खबर गेली तं मी इथं अडकलेला, अन् तिथं तांडा माह्या भाभीवर दुसऱ्याची ओढणी टाकून मोकळा होईन. मी घरी जाईन तवा मीच सांगीन तिले.”

दुसऱ्याची म्हणजे कुणाची, ते सांगायची गरज नव्हती. चुलत दीर एकच होता. देवसिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

पण त्याच्या मागे धरमसिंग उभा होता. नाल्यावरून कधी आला, कुणाला कळलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकलं होतं. रुईची फांदी त्यानं जमिनीवर आपटली.

“काकाले मालूम होतं?” तो ओरडला. “मोटार थांबली का मी रस्त्यावर पळत जाओ. बापू आला असन म्हणून उतरणाऱ्या माणसांची तोंडं पाहत राओ. अन् हा मले खांद्यावर बसवून परत आणे, उद्या येईन म्हणे! याले मालूम होतं अन् म्हणे उद्या येईन?” तो बाजेकडे वळला. “मी हात नाई लावत याले. घाला मातीत.”

आता रुईचंही काही उरलं नाही. आग लग्नामुळे मिळाली असती, पण ती द्यायची कुणी? काकाला दुसरं कोण होतं?

याडी उठली. डोक्यावरची ओढणी सारखी करून ती निंबाखाली आली. आयुष्यात ती पंचांसमोर कधी उभी राहिली नव्हती.

“धरम, तो खोटा नाई,” ती म्हणाली. “आल्या दिवशीच त्यानं मले सांगतलं, इहिरीपाशी. खोटी मी हाओ.”

“तुले मालूम होतं?” नायक म्हणाला. “अन् तू घुगरी घालून फिरली?”

“फिरली. त्यानं सांगतलं तं मी तिथंच बसली. मंग तो म्हणे, भाभी, आता रीतीनं मले ओढणी टाकावी लागन. तुही मर्जी असन तं टाकतो, नसन तं नाई टाकत.” याडी थोडी थांबली. “नायक, माही मर्जी काय हाये, हे मले जलमात कोनी इचारलं नव्हतं. माय-बापानं नाई, तुमी नाई. त्यानं इचारलं. मी म्हटलं, नाई. धरमचा बाप माह्या डोळ्यातून गेला नाई अजून. तं तो म्हणे, मंग दादा बेपत्ताच राहू दे. तुह्या घुगरीले कोनी हात नाई लावणार. मी म्हटलं, पोट्ट्याइले कसं सांगू? तो म्हणे, पोट्टे इचारतीन तवा माह्यावर सोड. मी सांगीन उद्या येईन म्हणून. खोटं मी बोलीन, तू नको बोलू.”

धरमसिंग मागे सरून निंबाला टेकला.

नायकानं खाकरून घसा साफ केला. “झालं तं मंग. रीत मोडली, त्याचं मागून पाहू. आता रुईचं लगीन लावून घ्या.”

“थांबा,” याडी म्हणाली. “अजून झालं नाई माहं.”

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

“चार-पाच सालं गेली. पोट्टे मोठे झाले. एकडाव पावसात गोठा गळत होता, तो बाज सरकवून राह्यला होता. मी उठली, दारापर्यंत गेली. म्हटलं सांगावं त्याले, आत ये. माही मर्जी आता तशी नाई राह्यली, टाक ओढणी. पण कसं सांगू? बाईनं कधी सांगतलं हाये? अन् तो जबान देऊन बसलेला. फौजी माणूस, तो काय परत इचारते! त्यानं इचारलं नाई, मी सांगतलं नाई. दारातून परत गेली. मंग किती डाव गेली असन दारापर्यंत, मलेच मालूम.”

मी याडीकडे बघत होते आणि मला ती कुणी वेगळीच बाई वाटत होती. आमच्या घरात, आमच्या उशाशी, हे सगळं चाललं होतं आणि आम्ही पोरं ढाराढूर झोपलो होतो. बायकांचं रडणं थांबलं होतं. त्या सगळ्या उठून निंबाच्या जवळ आल्या होत्या.

“रुईच्या झाडासंगं लगीन चालते नं?” याडी म्हणाली. “झाड मुकं हाये, त्याले मर्जी इचारा नाई लागत. मी तोंडानं बोलणारी बाई हाओ. धरमचा बाप मेला, जलालभाई साक्षीले हाये. आता माह्या दिराच्या हातानं माह्यावर ओढणी टाका. मंग त्याले आग द्या.”

“मेलेल्या माणसाचं जित्या बाईसंगं?” नायक उठून उभा राहिला. “असं कधी झालं नाई गंगी. अन् घडीभरात त्याची विधवा होशीन तू.”

“आताबी तेच हाओ,” याडी म्हणाली. “पण कोनाची, ते सांगता तं येईन.”

देवसिंग पुटपुटला, “दंड बसन.”

“बसवा. उद्या बसवा.”

 नायक एकदा बाजेकडे बघे, एकदा पळसाखालच्या मातीच्या ढिगाकडे. तेवढ्यात बायकांमधून चंदाबाई निघाली आणि घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कोरी लाल ओढणी होती, काचेच्या टिकल्या लावलेली. सुनेसाठी तिनं स्वतः शिवून ठेवली होती. हीच ती चंदाबाई, जिचा आमच्या दारावर पहारा असायचा. नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, “ऊन कलून राह्यलं. लाकडं आणाले पाठवा पोट्ट्याइले.”

नायकानं मान हलवली. पोरं फावडी टाकून लाकडांकडे पळाली.

धरमसिंग अजून तसाच उभा होता. याडी त्याला काही म्हणाली नाही, बाजेपाशी जाऊन खाली बसली. काकाचा उजवा हात आखडून ताठ झाला होता. जलालचाचानं तो उचलायचा प्रयत्न केला, हलेना. मग धरमसिंग पुढे झाला. त्यानं चाचाला बाजूला केलं, काकाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कोपरापासून हळूहळू चोळू लागला. चोळता चोळता तो रडायला लागला. मोठ्यानं, लहान पोरासारखा. शिव्याही देत होता आणि चोळतही होता. शेवटी हात थोडा सैल झाला. चंदाबाईनं ओढणीचं टोक त्या बोटांत अडकवलं. याडीनं डोकं वाकवलं. धरमसिंगनं काकाचा हात तिच्यावर धरला आणि ओढणी तिच्या डोक्यावरून पाठीवर पडली.

नायक म्हणाला, “पंच साक्षीले हायेत.”

तेव्हा याडी रडली. नात्याची हाक मारून रडतात तसं नाही. तिनं नुसतं त्याचं नाव घेतलं, “पूनम.” आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी तिला कुणी अडवलं नाही.

तिरडी बांधून झाली. पुढे मडकं धरून धरमसिंग उभा राहिला, बापाला आग द्यायला निघालेल्या मुलानं राहावं तसा. उचलायच्या आधी विधवेची घुगरी उतरवायची असते. चंदाबाई मला म्हणाली, “तू लेक हाये, तूच काढ.”

मी याडीच्या मागे बसले. इतक्या वर्षांत ती घुगरी केसांत अशी गुरफटली होती की धागा कुठला आणि केस कुठला, कळत नव्हतं. लाल ओढणी सारखी मध्ये येत होती. पुरुष खांदा द्यायला उभे होते, पुढून कुणीतरी घाई करत होतं. मी धागा ओढला. याडीनं वर हात करून माझं मनगट धरलं.

“हळू काढ व माय,” ती म्हणाली. “आत्ताच तं लगीन झालं माहं.”